खांदेपालट : दीर्घ आजारी मुलाच्या घराचा इतिहास

सोलापूर सोडून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले म्हणजे आधी कुंभारी लागते आणि मग वळसंग. स्वामींच्या दर्शनाला जाणारी माणसे या गावावरून रोज जातात. पण गाव त्यांच्या लक्षात राहत नाही, कारण ते मुक्कामाचे नव्हे, वाटेवरचे आहे. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा येथे एकाच ओट्यावर बसून बोलल्या जातात. इतिहासाच्या अभ्यासकाला वळसंग ठाऊक असते ते एका विहिरीमुळे. गावच्या पाण्यावरचा हक्क ज्यांना नाकारला गेला होता त्यांनी आपल्या श्रमाने ती विहीर खोदली आणि १९३७ च्या एप्रिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्या उद्घाटनाला येथे आले. त्या विहिरीकडे आम्हांला पुन्हा यावयाचे आहे. आरंभी मात्र आम्ही वळसंगाच्या एखाद्या साध्या घराच्या उंबरठ्याशी थांबणार आहो. घर कोणाचे हे सांगण्याची गरज नाही. तसली घरे या पट्ट्यातील गावोगाव आहेत.

घरात एक मूल आजारी आहे. आज ताप आला आणि चार दिवसांनी उतरला, असे ते आजारपण नव्हे. कोणाच्या रक्तात दोष आहे, कोणाच्या मेंदूला जन्मतःच इजा झाली आहे, कोणाचे स्नायू वर्षागणिक झिजत चालले आहेत, कोणाला कर्करोगाने गाठले आहे. मुलाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, घास भरवायला तास लागतो, रात्री झटके येतात. या मुलाविषयी वैद्यकाचे ग्रंथ आहेत, रुग्णालये आहेत, औषधे आहेत. त्याच्या उशाशी जी बाई चार-चार वर्षे बसली आहे तिच्याविषयी काय आहे? ती उठली तर तिच्या जागी कोण बसते? आमच्या निबंधाचा विषय एवढाच आहे. आम्ही वैद्य नाही. म्हणून उपचारांत शिरणार नाही. जागा बदलून बसण्याच्या रीतीलाही एक इतिहास आहे, तो सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

या इतिहासाची साधने तोकडी आहेत हे प्रथमच कबूल केले पाहिजे. १८९७ च्या प्लेगात कोणत्या पेठेत किती माणसे दगावली, १९१८ च्या इन्फ्लुएंझात किती, याच्या नोंदी सरकारी दप्तरांत सापडतात. जो मेला तो नोंदला गेला. जो जगला तो निदान शिरगणतीत आला. पण जी जागली तिची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. तिचा माग काढावयाचा तर चालीरीतींतून आणि शब्दांतूनच काढावा लागतो.

देवीचे उदाहरण घेऊ. देवीच्या साथी आता इतिहासजमा झाल्या. भारतातील अखेरचा रोगी १९७५ साली सापडला आणि दोन वर्षांनी देश रोगमुक्त म्हणून जाहीर झाला. पण घरात मुलाला देवी आल्या म्हणजे काय करीत, हे जुन्या माणसांकडून ऐकलेले पुष्कळांना आठवत असेल. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागत. घरात फोडणी पडत नसे. मोठ्याने बोलणे नाही, पाहुणा-रावळा नाही. या सर्वांमागे जी श्रद्धा होती तिची वकिली आम्ही करणार नाही. त्या श्रद्धेपायी टोचणीला विरोध झाला आणि त्या विरोधाने मुले दगावली, हेही खरे आहे. पण त्या नियमांचा एक परिणाम, बहुधा कोणी न योजलेला, असा होता की मुलाच्या आईचे काम आपोआप कमी होई. चूल साधी झाली, येणेजाणे थांबले, शेतावर जाण्याची सक्ती उरली नाही. जावा, नणंदा, आजी यांच्यात उरलेले काम वाटले जाई. ती देवीपाशी बसली आहे, एवढे म्हटले की तिला कोणी हाक मारीत नसे.

आमच्या भाषेत विषमज्वराला मुदतीचा ताप म्हणतात. हा शब्द आम्हांला फार बोलका वाटतो. एकवीस दिवसांची मुदत. तेवढ्यात एक तर ताप उतरेल, नाहीतर माणूस जाईल. जुन्या काळातील मुलांचे बहुतेक गंभीर आजार असे मुदतीचेच होते. देवी, गोवर, घटसर्प, पटकी, विषमज्वर, कोणाचाही हिशेब आठवड्यांत होई. आणि शेजारधर्म म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो तोही त्याच मापाने बेतलेला होता. पंधरा दिवस शेजारीण भाकरी टाकून देईल, महिनाभर बहीण माहेराहून येऊन राहील. त्यात दंभ नव्हता. ते सर्व मनापासून होई. पण ते मुदतीचे होते, हे विसरता कामा नये.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकाने मोठाच पराक्रम केला. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना औषधाने काही काळ आराम पडतो हे दाखविले. त्या 'काही काळा'ची पुढे वर्षे झाली आणि अनेक मुले पूर्ण बरीही होऊ लागली. थॅलेसेमियाचे मूल नियमाने रक्त देत राहिल्यास मोठे होऊ लागले. एच. आय. व्ही. घेऊन जन्मलेली मुले एके काळी शाळेचे वय होण्यापूर्वीच जात. २००४ पासून सरकारी केंद्रांतून फुकट औषधे मिळू लागली आणि ती मुले जगू लागली. अपुऱ्या दिवसांची जन्मलेली अर्भके काचेच्या पेटीत वाचू लागली. त्यांतील काही मेंदूच्या इजेसह घरी आली. ही सर्व वाचलेली मुले होत आणि त्यांचे वाचणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्याबरोबर मुलांच्या आजाराची मुदत संपली. बेमुदत हा शब्द सोलापूरला संपामुळे परिचित आहे. आता तो आजाराला लागू पडला. आणि बेमुदत आजारासाठी शेजारधर्मापाशी काही तजवीज नव्हती. शेजारीण वाईट झाली म्हणून नव्हे. पहिल्या महिन्यात ती रोज येते, सहाव्या महिन्यात सणावाराला येते, तिसऱ्या वर्षी रस्त्यात भेटली तर विचारते. चौथ्या वर्षी विचारायलाही संकोचते. कारण उत्तर तेच असणार हे तिला ठाऊक असते.

वैद्यकाने आजार लांबविला त्याच काळात घरातील हात कमी झाले. याला एकत्र कुटुंबाचा ऱ्हास असे एक ठरावीक नाव देऊन आपण मोकळे होतो. सोलापूरच्या बाबतीत ते नाव पुरेसे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात येथे गिरण्यांचा आरंभ झाला. आसपासच्या खेड्यांतून आणि तेलंगणातून माणसे आली. पुढे गिरण्या बसल्या, यंत्रमाग वाढले, आणि बायकांच्या हाती मुख्यत्वे विड्या आल्या. सोलापुरी त्यांना बिड्याच म्हणतात. बिडीचे काम पाहिले आहे त्याला सांगावयास नको. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मोजून आणावयाचा. पाने भिजवावयाची, फर्म्यावर कातरावयाची, वळावयाची, बांधावयाची आणि मोजून परत द्यावयाची. मजुरी हजारामागे. एखादी खराब निघाली की छाट.

आता कायद्याची गंमत पाहा. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे पाळणाघर असावे असे ठरविले. १९६६ च्या बिडी कामगारांच्या कायद्यातही पाळणाघराची तरतूद आली. म्हणजे कष्टकरी आईच्या मुलाकडे दुसऱ्या कोणी तरी पाहिले पाहिजे, हे तत्त्व राज्याने मान्य केले. पण काम तर तोवर घरी गेले होते! घरी बसून बिड्या वळणारीला कारखान्यातल्या पाळण्याचा काय उपयोग? उलट घरीच तर असते, मग मुलाकडे पाहायला तिला काय होते, असे म्हणण्याची जगाला सोय झाली. तिच्या एका मांडीशी सूप असते, दुसऱ्या मांडीवर मूल. मुलाला झटका आला की हात थांबतो आणि हात थांबला की हजार भरत नाही. घर हेच कारखाना आणि घर हेच रुग्णालय, अशी ही अवस्था आहे. दोहोंपैकी एकाचीही सुटी तिला नाही.

वळसंगाच्या अलीकडेच कुंभारी आहे. तेथे २००६ साली बिडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची, पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग तिच्या हस्तांतराला आले होते. त्याच कुंभारीत २०२४ च्या जानेवारीत रे नगरातील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आल्या. कष्टकऱ्यांनी वर्षानुवर्षे लढून मिळविलेली ही घरे आहेत आणि त्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण नवे घर मिळते तेव्हा जुना शेजार सुटतो, हेही त्याच इतिहासाचे एक पान आहे. पूर्वीच्या दाट वस्तीत भिंतीपलीकडून हाक ऐकू जाई. आजीचे घर चार पावलांवर असे. नव्या वसाहतीत नळ आहे, संडास आहे, आपल्या नावचा दरवाजा आहे. आणि दुपारी दोन तास मुलापाशी बसायला हक्काने कोणाला बोलवावे हा प्रश्न पहिल्यापासून मांडावा लागतो.

येथे आम्हांला त्या विहिरीकडे परतावेसे वाटते. तिचा इतिहास हक्काचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि तो तसाच सांगितला पाहिजे. पण पाण्याचा हक्क नसतो तेव्हा नेमके काय होते? बाईने घागर घेऊन दूर उभे राहावयाचे आणि कोणी तरी ओतील तेव्हा घ्यावयाचे. घरी तापाने फणफणलेले मूल असले तरी उभे राहावयाचेच. तो वेळ कोणी मोजला नाही. विहीर आपली झाली तेव्हा मान मिळाला, पाणी मिळाले आणि वेळही मिळाला. तो तिसरा लाभ भाषणांत कोणी सांगत नाही. आणखी एक गोष्ट त्या विहिरीने दाखविली आहे. गावाने दिले नाही म्हणून माणसे हताश बसली नाहीत. त्यांनी आपसांत काम वाटून घेऊन ती खोदली. श्रम वाटून घेण्याची कला या गावाला उपजत ठाऊक आहे, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

विषयाला शब्द काय आहे, हे आता पाहू. इंग्रजीत या सेवेला एक नाव आहे. आम्ही ते येथे घेत नाही. आमच्याकडे उसंत आहे, फुरसत आहे, विश्रांती आहे. पण विसावा हा शब्द या सर्वांहून वेगळा आहे. विसावा हे एक ठिकाणही असते. पालखीचा विसावा असतो. तिरडीचाही विसावा असतो. स्मशानाच्या वाटेवर ती खाली टेकवितात आणि खांदे बदलतात. दोन्ही ठिकाणी ओझे टाकून द्यावयाचे नसते. वाट तीच राहते, फक्त खांदा बदलतो. वर्तमानपत्रांनी खांदेपालट हा शब्द मंत्रिमंडळाला देऊन टाकला आहे. आम्ही तो परत मागतो. आजारी मुलाच्या घराला जे हवे आहे ते हेच. आईला मुलापासून सुटका नको आहे. तिला खांदा बदलून हवा आहे.

रुग्णाच्या सोबत्याचा विचार महाराष्ट्रात प्रथम मोठ्या प्रमाणावर कोणी केला, असे विचारले तर आम्ही गाडगेबाबांचे नाव घेऊ. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत खेड्यांतून रोगी येत. रोग्याला खाट मिळे आणि त्याच्याबरोबर आलेली माणसे पदपथावर निजत. डॉक्टरांना ती दिसत नव्हती असे नाही. पण ती त्यांच्या शास्त्रात बसत नव्हती. बाबांच्या शास्त्रात ती बसली. १९५४ साली त्यांनी जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभी केली. पुढे दादरलाही त्यांच्या नावाची धर्मशाळा झाली आणि टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोगग्रस्तांच्या कुटुंबांना ती आधार झाली. २००६ पासून सेंट ज्यूड या संस्थेने कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांसाठी व त्यांच्या आईबापांसाठी मुंबईत राहण्याची केंद्रे उघडली. ती परंपराही याच दिशेची आहे. पण ही सर्व सोय शहरातील उपचाराच्या दिवसांपुरती. उपचार आटोपून, किंवा आता उपचार नाही असे ऐकून, कुटुंब गावी परतते. खरी लांब वाट तेथून सुरू होते.

त्या वाटेवरचा विचार प्रथम विलायतेत पद्धतशीरपणे झाला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तोही कोणा पंडिताला सुचला नाही. इंग्लंडमधील दूरचित्रवाणीवर 'क्रॉसरोड्स' नावाची एक लोकप्रिय मालिका चालू होती. तीत चाकाच्या खुर्चीत बसणारा एक तरुण दाखविला होता. खऱ्याखुऱ्या घरातून तक्रार आली की, असल्या माणसाची सेवा करणाऱ्या घरच्यांचे हाल तुम्ही दाखवीत नाही. मालिकेच्या चालकांनी त्या तक्रारीची लाज बाळगून दहा हजार पौंड दिले आणि १९७४ साली रग्बी गावात एक योजना निघाली : शिकविलेली बाई ठरल्या वेळी घरी येईल, रोग्याचे सर्व करील आणि घरच्या माणसाला तेवढे तास मोकळे करील. योजनेला नाव मालिकेचेच मिळाले आणि ती पुढे देशभर पसरली. नाटक-सिनेमाने समाज बिघडतो म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

मुलांच्या बाबतीत १९७८ हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ऑक्सफर्डच्या एका मठातील प्रमुख जोगीण, सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका, या मूळच्या मुलांच्या परिचारिका. हेलन नावाच्या एका लहान मुलीच्या मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रियेने जीव वाचला, पण मुलगी पूर्ण परावलंबी झाली. आईबापांनी तिला घरी नेले. फ्रान्सिस त्या घराशी स्नेहाने जोडल्या गेल्या आणि एके दिवशी त्यांनी मुलीला थोडे दिवस आपल्याकडे ठेवून घेण्याची तयारी दाखविली, आईबापांना जरा उसंत मिळावी म्हणून. १९८२ साली 'हेलन हाउस' उभे राहिले ते या अनुभवातून. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर हे मरणासन्न रोग्यांचे विश्रामालय काढले होते. पण तेथे माणूस बहुधा अखेरच्या दिवसांसाठी येई. हेलन हाउसमध्ये मूल यावयाचे, काही दिवस राहून घरी जावयाचे, पुन्हा यावयाचे. वैद्यकाने लांबविलेल्या आजाराला इतक्या सरळपणे उत्तर देणारे पहिले घर ते.

आमच्याकडे वांद्र्याला १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती अवेदना आश्रम काढला. कालिकतला १९९३ साली डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी वेदनाशमनाचे कार्य आरंभिले. केरळातील या कार्याची खरी नवलाई पुढे दिसली. रोग्यांनी दवाखान्यात येण्यापेक्षा वस्तीतल्या माणसांनीच रोग्याकडे जावे, असा विचार रुजला आणि मलप्पुरम जिल्ह्यात शेजार-जाळे विणले गेले. शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी, विद्यार्थी यांना थोडके शिक्षण देऊन ठरावीक दिवशी ठरावीक घरी पाठवू लागले. शेजारधर्म तोच, पण त्याला वार लावून दिला, पाळी लावून दिली. आमच्या मते हीच त्या प्रयोगाची किल्ली होय. लहरीवर चालणारा शेजार वर्षभरात थकतो. पाळीवर चालणारा थकत नाही, कारण आज आपण गेलो नाही तर उद्या दुसरा जाणार आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. २००८ साली केरळ सरकारने या सेवेचे धोरणच जाहीर केले.

महाराष्ट्रातही काही घडले. सोलापूर जिल्ह्यातच, पंढरपुरी, २००१ साली मंगलताई शहा यांनी एच. आय. व्ही. बाधित मुलांसाठी 'पालवी' सुरू केली. ज्यांना घरच उरले नाही त्यांना तिने घर दिले. हे काम मोठे आहे. पण आमचा प्रश्न ज्या मुलाला घर आहे त्याच्याविषयी आहे आणि त्याचे उत्तर अनाथालय होऊ शकत नाही. २०१० च्या सुमारास मुलांच्या उपशामक सेवेचा एक प्रकल्प राज्यात सुरू झाला. टाटा रुग्णालयाच्या डॉ. मेरी अॅन मुकादन यांचे त्याला मार्गदर्शन होते. मुंबईत शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि रानावनात जव्हारचे कुटीर रुग्णालय ही त्याची केंद्रे होती. जव्हारसारख्या ठिकाणी रस्ता संपतो तेथून पाडा सुरू होतो. तेथे आजारी मुलाची सेवा करावयाची म्हणजे त्याच्या घरी जाणे आलेच. शीवला २०१४ साली 'हॅपी फीट होम' हे दिवसाचे केंद्र निघाले; मूल तेथे खेळते, शिकते, आणि तेवढा वेळ घरचे माणूस मोकळे होते. २०१२ साली राज्याने उपशामक सेवेचे धोरणही ठरविले.

कायद्यातही विसावा शिरला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'समर्थ' या नावाची योजना निघाली. तिचा हेतूच कुटुंबाला काही काळ विसावा देणे हा. 'सहयोगी' या दुसऱ्या योजनेत सेवा करणारी माणसे शिकवून तयार करावयाची होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर, ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे अशांसाठी, सेवा करणाऱ्याला भत्ता देण्याचाही उल्लेख आहे. कागद उत्तम आहे. पण 'समर्थ' हे केंद्रात नेऊन ठेवण्याचे, घरी येण्याचे नव्हे; आणि न्यासाचा कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरता. हृदयाच्या वा रक्ताच्या आजाराचे मूल त्या दारातून आत येत नाही. आजारांची यादी पाहून उशाशी बसलेल्या बाईचा थकवा वेगवेगळा होतो की काय?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो बहुधा पुरुषांकडून येतो : आपल्याकडे परक्याच्या हाती मूल देण्याची रीत नाही, आईलाच ते रुचणार नाही. आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. अशा आया पहिल्यांदा नाहीच म्हणतात. मला काही त्रास नाही, माझ्याशिवाय तो घास घेत नाही, लोक काय म्हणतील. सेवेचा अभिमान आणि सेवेची भीती यांची इतकी घट्ट गाठ बसलेली असते की ती सोडविण्याची घाई करू नये. आलेली बाई कोणत्या जातीची, हा प्रश्नही काही घरांत अजून उठतो. मुलाचा आजार एच. आय. व्ही. असेल तर, आपल्या घरी ती काय पाहील आणि बाहेर काय सांगेल, ही धास्ती असते. म्हणूनच अशा कामात गुप्तता पाळण्याचे शिक्षण औषधांच्या शिक्षणाइतकेच आवश्यक ठरते. पहिले काही दिवस आई घरातून हलत नाही. येणारी मुलापाशी बसते आणि ही दाराआड उभी राहून पाहते. मग एके दिवशी दळण घेऊन जाते आणि पंधरा मिनिटांत धावत परत येते. मूल जागच्या जागी हसत असते. त्यानंतरच खांदेपालट सुरू होते. आणि ज्या घरी मुलाचे आईबाप दोघेही गेले आहेत व आजीच सर्व करते, तेथे तर रीतीचा प्रश्नच उरत नाही. आजीचे गुडघे रीत मानीत नाहीत.

दुसरा आक्षेप पैशाचा. आम्ही हिशेब मोठा मांडीत नाही. आठवड्यातून दोन दुपार, तीन-तीन तास. गावातील दोन-तीन बायका शिकलेल्या. त्यांना काय यावे? मुलाला कसे उचलावे व कसे निजवावे, म्हणजे पाठीला जखम होणार नाही; नळीने पेज कशी द्यावी; झटका आला तर कुशीवर वळवून तोंडात काही न घालता कसे थांबावे; ताप किती चढला म्हणजे डॉक्टरांना कळवावे; आणि काय करू नये. त्यांना मोबदला मिळाला पाहिजे. स्त्रीची सेवा म्हणजे फुकटची सेवा, या समजुतीतूनच मूळ अडचण उपजली आहे. तिच्यावरचा उपाय आणखी एका बाईच्या फुकट सेवेने होणार नाही. गावात आशा कार्यकर्ती २००५ पासून आहे, अंगणवाडी १९७५ पासूनची आहे. पण त्यांच्या डोक्यावर आधीच इतकी कामे लादली आहेत की आणखी एक लादा असे सुचविण्याचे धाडस आम्हांला होत नाही. जागा वेगळी हवी, माणूस वेगळे हवे.

मोकळ्या तीन तासांत आई काय करते, असे कुतूहलाने विचारणारे पुष्कळ भेटतात. जणू तिने त्याचा जाब द्यावयाचा आहे. हेलन हाउसला मूल सोपवून गेलेले आईबाप अनेकदा नुसते झोपत. आमच्याकडच्या बाईची यादी लांब असते. रेशनकार्डाचे काम, बँकेतला अंगठा, स्वतःचा दुखरा दात, कारखान्यात बिड्या मोजून देणे. डोक्यावरून पाणी घेऊन न्हाणे हीसुद्धा त्या यादीतली एक गोष्ट आहे. घाईने नव्हे, सावकाश.

आणि त्या घरात बहुधा आणखी एक माणूस असते, ज्याच्याविषयी आम्ही आतापर्यंत बोललो नाही. आजारी मुलाची थोरली बहीण. आई बिड्या द्यायला जाते तेव्हा मुलापाशी ही बसते. आई सोलापूरला औषध आणायला जाते त्या दिवशी हिची शाळा बुडते. असे दिवस महिन्यात दोन होते, ते चार झाले, मग आठ झाले. ती हुशार आहे असे तिचे शिक्षक सांगतात. भावाला नळीने पेज देता येते, झटक्यात काय करावे ते ठाऊक आहे, रात्री तो हलला की आईच्या आधी हिला जाग येते, वय अकरा. शिकविलेली, मोबदला घेणारी, पाळी लावलेली ती बाई आठवड्यातून दोन दिवस वळसंगाच्या त्या घरी आली, तर आईला विसावा मिळेल तो मिळेलच. पण पाळीचे वार ठरविताना कोणत्या दिवशी आई औषधाला जाते ते आधी विचारावे आणि तो वार धरावा. शाळा सकाळी भरत असेल तर बाईने सकाळीच यावे.